दत्तारामकाका आणि हबशाची बाजू

दत्तारामकाकांना आमच्या वाडीत कोणी वाईट म्हणत नसे, आणि कोणी जेवायला बोलवतही नसे. माणूस पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांच्याशी बोलायला बसलं की दोन वाक्यं झाल्यावर ते तोंडात मूग धरून बसायचे आणि समोरच्याला उगाच वाटायचं, आपलंच काही चुकलं. शेवटी लोकांनी नाद सोडला. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आई गेल्यापासून वाडीच्या टोकाला, सुरूंच्या झाडांपलीकडे, एका खोलीत एकटे राहायचे. दुसऱ्यांची फाटकी जाळी सांधून पोट भरायचे. समुद्र घराच्या मागे पन्नास पावलांवर, पण दार मात्र खाडीकडे पाडलेलं.

गेल्या वर्षी, म्हणजे १९६६ साली, ते गेले. चार खांदेकरी जमवताना माझ्या बाबांना वाडीत दोनदा फिरावं लागलं. कुणाची कंबर धरली होती, कुणाला होडी ओढायची होती. या गोष्टीची मला अजून चीड येते, आणि ती लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही. वाडीला त्यांच्याबद्दल एक गोष्ट माहीत होती आणि ती धरून लोक अकरा वर्षं बसले. मलाही तीच माहीत होती, किंबहुना ती बाहेर यायला मीच कारण झाले. म्हणून लिहायचा हक्क माझा.

तरुणपणी दत्तारामकाका मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी झाले. बरोबर होते माझे मोठे काका, धोंडू. दोघे एकाच वाडीतले, एकाच दिवशी भरती झालेले. लढाई चालू असताना, १९४३ च्या चैत्रात, त्यांची बोट भर समुद्रात बुडवली गेली. सहा महिन्यांनी दत्तारामकाका एकटेच घरी आले. आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहून त्यांनी सांगितलं, "आमी येगयेगळ्या होडयेत पडलंव. मगे धोंडू माका दिसूक नाय." त्यापुढे कुणी कितीही खोदून विचारलं तरी या दोन वाक्यांना तिसरं जोडलं गेलं नाही. कचेरीतून कागद आला, त्यात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं. माझी काकी जानकी तेव्हा बावीस वर्षांची होती. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, असा तिने त्या कागदाचा अर्थ लावला आणि कुंकू लावत राहिली.

मी सातवीला गेले ते १९५४ साल. गावात धर्मशाळेच्या पडवीत एक कपाट होतं, त्याला सगळे वाचनालय म्हणायचे. मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेली चाळीसेक पुस्तकं त्यात होती. किल्ली दत्तारामकाकांकडे, कारण दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग नव्हता. फायनलच्या परीक्षेला बसणारी आम्ही सात मुलं. आमचं वाचन कच्चं, म्हणून गुरुजींनी काकांना गळ घातली, की दर रविवारी दुपारी या पोरांना काहीतरी वाचून दाखवा. ते नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते हो म्हणाले आणि कपाटातलं एकही पुस्तक न घेता घरून स्वतःचं घेऊन आले.

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव काय, लिहिलं कुणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कुठल्यातरी जुन्या इंग्रजी कादंबरीचं मराठी, आमच्या आज्यांच्या जन्माच्या वेळचं. एका साहेबाचं गलबत खडकावर आपटून फुटतं, तो एका ओसाड बेटावर लागतो आणि एकोणीस वर्षं तिथे काढतो. घर बांधतो, रानबकऱ्या माणसाळवतो, कासवाची अंडी भाजून खातो. पहिल्या रविवारी आम्ही आ वासून ऐकलं. दत्तारामकाकांचा आवाज असा असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वादळ वाचताना ते उभे राहायचे. दोर कसा तुटला ते नुसत्या हाताने दाखवायचे. घरी गप्प बसणारा माणूस हा नव्हेच, असं वाटायचं.

या साहेबाबरोबर बेटावर आणखी एक जण वाचलेला होता. गलबतावरचा त्याचा काळा नोकर. त्याला पुस्तकभर नाव नाही, नुसता 'हबशी'. लाकडं हबशी फोडतो, पाया हबशी खणतो, आणि घर मात्र साहेबाने बांधलं! हे लोक जात्याच आळशी असतात, वेत दाखवल्याशिवाय हलत नाहीत, त्यांना ममता कळत नाही, अशी पानंच्या पानं होती. एका रविवारी गुरुजी मागे येऊन बसले होते. त्यांना ते सोसेना. ते म्हणाले, "दत्ताराम, ही पानं वगळा की. किंवा फाडूनच टाका. मुलांच्या मनावर काय परिणाम होईल?"

दत्तारामकाका म्हणाले, "फाडूचां नाय, गुरुजी. जां लिवलां हा तां सगळां वाचूचां. साहेब आमका काय समजत होते, तां पोरांक कळूक नको?"

गुरुजींना ते 'आमका' खटकलं असावं, कारण हबशाचा आणि आपला काय संबंध, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण काकांनी पानं वगळली नाहीत. त्याऐवजी त्यांनी एक रीत पाडली. असं पान आलं की ते वाचून संपवायचे, पुस्तक गुडघ्यावर पालथं ठेवायचे आणि विचारायचे, "आता हबश्याची बाजू कोण सांगता?" मग आमच्यातल्या एकाने तोच प्रसंग हबशाच्या तोंडून सांगायचा. पहिल्यांदा आम्ही खी खी हसलो. मग चुरस लागली. आमच्या निम्म्या वर्गाचे बाप-चुलते आगबोटींवर होते. रजेवर आले की ते सांगायचे, साहेब त्यांना नावाने हाक मारत नाहीत म्हणून. त्यामुळे हबशाची बाजू आम्हाला फार शोधावी लागत नसे. एका पोराने तर हबशाच्या तोंडी मालवणी शिवी घालून त्याला साहेबाच्या अंगावर धावून जायला लावलं. दत्तारामकाका तेव्हा हसले होते. मी त्यांना हसताना पाहिलं ते एवढंच.

आता मी देवगडकडच्या एका शाळेत सातवीलाच शिकवते. अशी जुनी पुस्तकं हाताशी आली की मीही वाचून दाखवते, एकही पान न वगळता, आणि हबशाची बाजू विचारते. एकदा एका तपासनीस साहेबांनी मला विचारलं, ही पद्धत कुठल्या ट्रेनिंग कॉलेजातली? मी म्हटलं, आमच्या वाडीतली.

असो. आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

रविवारी ऐकलेलं प्रकरण मी सोमवारी काकीला सांगायची. ती खळ्यात झावळ्यांची चुडतं विणत बसायची, मी तिच्या बाजूला. मला सांगायची हौस दांडगी. पुस्तकात दोन बकऱ्या असल्या तर माझ्या तोंडी दहा व्हायच्या. काकी आधी नुसतं हूं हूं करायची. मग एक दिवस तिने हात थांबवून विचारलं, "किती वर्सां ऱ्हवलो म्हणालंस तो?"

"एकोणीस."

"आणि मगे घराक इलो?"

"येतलो. शेवटाक येतलो. माका दत्तारामकाकांनी सांगल्यानी."

काकी परत विणायला लागली. जरा वेळाने स्वतःशीच म्हणाली, "तुझ्या काकाक आता बारा होतत."

त्या बारा वर्षांचंच तर घरात चाललं होतं. समुद्रावर गेलेला माणूस बारा वर्षं आला नाही, तर आमच्याकडे त्याला मेला असं धरतात. पळसाच्या पानादेठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि मग रीतसर पाणी सोडायचं. ते केल्याशिवाय माणूस धड इकडेही नाही आणि तिकडेही नाही. बाबांच्या मनाला ते फार लागलं होतं. मधे त्यांनी देवीला कौल लावला होता, तोही उजवा पडला होता. भटजींनी चैत्रातला दिवस काढला होता. थोरला भाऊ असा लटकत राहतो, हे बाबांना बघवत नव्हतं. काकीनेही माघात मान हलवून होकार दिला होता. कपाळाचं कुंकू जाणार, हे तिला कळत होतं. दोन दिवस ती जेवली नव्हती, पण होकार दिला होता.

तो होकार तिने परत घेतला. फाल्गुनात बाबा पळसाची पानं आणायची गोष्ट काढायला आले, तर म्हणाली, "जित्या माणसाक जाळतास काय? खंयच्यातरी बेटार आसतले. माणूस एकोणीस वर्सां जगता." बाबांनी डोक्याला हात लावला. हे एकोणीस कुठून आलं, त्यांना कळेना. मला कळत होतं. मी सांगितलं मात्र नाही, कारण मला ते आवडलं होतं. काकी आरशासमोर जास्त वेळ उभी राहायला लागली होती. धोंडूकाकांचा सदरा तिने पेटीतून काढून उन्हात घातला होता. हे सगळं आपल्यामुळे, अशी मला मिजास होती. तेरा वर्षांच्या मुलीला मिजास करायला तेवढं पुरतं.

त्यानंतरच्या रविवारी 'माझा एकांतवास' नावाचं प्रकरण निघालं. साहेब लिहितो, की या निर्जन बेटावर मी एकटाच होतो, माझे दुःख ऐकायला मनुष्यमात्र नव्हते. आणि त्याच पानावर खाली, हबशाने जेवण आणून ठेवले. दत्तारामकाकांनी पुस्तक पालथं घालायच्या आधीच मी बोलले.

"काकानु, पण तो एकटो कसो? हबशी आसा मां थंय?"

सगळे हसले. मला चेव चढला. मी म्हटलं, "साहेबाक मोजूक येना नाय! दोन माणसां आसत आणि म्हणता एकटो. आमची काकी म्हणता, आमचो धोंडूकाका पण असोच बेटार आसतलो. पुतळो करूचो नाय म्हणता. अजून सात वर्सां वाट बघतली."

दत्तारामकाकांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. पुस्तक हातात तसंच उघडं राहिलं. मग म्हणाले, "आज इतक्यांच. घराक जावा." ऊन अजून चांगलं डोक्यावर होतं. एवढ्या लवकर त्यांनी आम्हाला कधी सोडलं नव्हतं. पोरं हुर्रेऽ करत पळाली. मी वळून बघितलं तर ते कपाटाला कुलूप लावत होते आणि किल्ली काही केल्या भोकात जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खळ्यात आले. बारा वर्षांत पहिल्यांदा. काकी चुडत विणत होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, "भावजी, बसा." ते बसले नाहीत.

"वयनी, धोंडू दुसऱ्या होडयेत नाय होतो. माझ्याच होडयेत होतो."

काकीचा हात जागच्या जागी थांबला. मी तुळशीपाशी उभी होते. मला जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं, खाली जमिनीकडे बघत. होडीत तिघे होते. ते, धोंडूकाका आणि बोटीवरचा एक तरुण गोरा अधिकारी. चौथ्या दिवशी होडी एका बेटाला लागली. बेट कसलं, खडप आणि थोडी वाळू. धोंडूकाकांचा पाय बोट बुडतानाच मोडलेला, त्यांना हलता येत नव्हतं. साहेबाने ठरवलं की दोघांनी होडी घेऊन मदत शोधावी आणि परत येऊन तिसऱ्याला न्यावं. दत्तारामकाकांनी धोंडूकाकांना सांगितलं, उद्या येतो. दुसऱ्याच दिवशी त्यांना एक आगबोट दिसली. तिने दोघांना वर घेतलं.

"कप्तानान इचारल्यान, आणखी कोण आसा? साहेब म्हणालो, नाय, कोण नाय. तितक्यां इंग्रजी माका कळत होतां, वयनी. माका वाटलां, साहेब चुकलो, आता सांगतलो. तो सांगूक नाय. तेना धोंडूक मोजूकच नाय."

"आणि तुमी?" काकीने विचारलं.

"माझ्या हातात पाण्याचो पेलो होतो. मी पीत होतंय."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पाणी पिऊन होताच ते बेशुद्ध पडले होते. दुसऱ्या दिवशी शुद्ध आल्यावर त्यांनी त्या बोटीच्या सारंगाला, खलाशांच्या मुकादमाला, सांगितलं. सारंगाने वर सांगितलं. लढाईचे दिवस होते, पाणबुड्यांची भीती होती. बोट एका खलाशासाठी मागे फिरली नाही.

"घराक इलंय तेवां तुमच्या कपाळाकडे बघून माका धीर नाय झालो. मगे मुंबैक गेलंय तर थंय रस्त्यार तां पुस्तक गावलां. बेटार माणूस एकटो किती वर्सां जगता, तां बघूक मी घेतलंय. मीय वाट बघी होतंय, वयनी. खोटां कित्याक बोलू? पण काल तुमच्या चेडवान सांगल्यान, काकी आणखी सात वर्सां वाट बघतली. मगे माका ऱ्हवाक नाय."

मला वाटलं ती ओरडेल, हातातलं चुडत त्यांच्या तोंडावर मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिने एवढंच विचारलं, "बेटार पाणी होतां?"

"नाय."

"मगे तेंका काय ठेवलास?"

"होडयेतल्या डब्यात होतां तां. अर्धो डबो. दोन दिसांचां."

"म्हणजे दोन दिस," काकी म्हणाली. "बारा वर्सां नाय. दोनच दिस."

हातातली शेवटची पात तिने पुरती विणली, गाठ मारली आणि चुडत बाजूला ठेवलं. मग पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. एकदा पुसून पुरं झालं नाही, म्हणून पुन्हा पुसलं. मी रडायला लागले तेव्हा ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "इमल, तुझ्या बापाशीक सांग, भटाक बोलव." आणि आत गेली. दत्तारामकाका रिकाम्या खळ्यात खूप वेळ उभे होते. शेवटी आपल्याआपण निघून गेले.

दुपारपर्यंत ही गोष्ट वाडीभर झाली. पुढच्या रविवारी एकाही घराने पोराला धर्मशाळेत पाठवलं नाही. मला पाठवलं असतं तरी मी गेले नसते. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती, आणि लाज कशाची ते नीट सांगताही येत नव्हतं. कादंबरीचा शेवट आम्ही कुणी ऐकलाच नाही.

चैत्रात ठरल्या दिवशी खाडीच्या तोंडाशी, वाळूवर, पुतळा झाला. पळसाचे तीनशेसाठ देठ भटजींनी मोजून बांधले. वर नारळ ठेवला. आमच्यात बायका असल्या कामाला जात नाहीत. काकी गेली. घरच्या विहिरीवरची भरलेली घागर तिने डोक्यावर घेतली, माझा हात धरला, आणि कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. घागर तिने भटजींच्या बाजूला ठेवली आणि आम्ही दोघी वाळूच्या उंचवट्यावर लांब उभ्या राहिलो. बाबांनी अग्नी दिला. वाळलेली पानं ती, बघता बघता जळून गेली. बारा वर्षं चाललेली गोष्ट एवढ्यात संपते, याचं मला नवल वाटलं.

दत्तारामकाका आले होते. पार तिकडे, सुरूंच्या खाली, एकटे उभे होते. कुणी त्यांना ये म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायला कुणी गेलं नव्हतं.

भटजींनी बाबांच्या ओंजळीत तीळ घातले आणि पाणी सोडायला सांगितलं. तेवढ्यात काकीने हाक मारली. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"भावजी! हंय येवा. पाणी तुमी घाला."

भटजी गोंधळले. "अहो, ते गोत्रातले नाहीत. घरच्यांनी आधी—"

"आसूंदेत," काकी म्हणाली.

दत्तारामकाका वाळू तुडवत आले. गुडघ्यावर बसले. भटजींनी नाइलाजाने तीळ दिले, मंत्र म्हटला. काकांनी घागर कलंडवून ओंजळ भरली आणि सोडली. एक, दोन, तीन. भटजी म्हणाले, "झालं, पुरे." त्यांनी चौथी भरली. मग पाचवी. अर्धं पाणी मनगटावरूनच गळून जायचं, ते पुन्हा भरायचे. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भटजींनी ताम्हन आवरलं. बाबा दत्तारामकाकांचा हात धरायला पुढे झाले.

"धरू नुको तेंका," काकी उंचवट्यावरून म्हणाली. "घालूंदेत. तेंची बेटारची तहान अजून भागूक नाय."